फॉर्म्युला नंबर चौदा

दुकानातून साबण विकत आणणारी माणसं दोन प्रकारची असतात, असं कॉस्टिंगसाहेब म्हणत. एक मूर्ख आणि दुसरी श्रीमंत मूर्ख. हे ते जिन्यात म्हणत, लिफ्टमध्ये म्हणत, आणि एकदा तर समोरच्या दुकानात उभं राहून, परक्या बाईच्या पिशवीत डोकावून म्हणाले होते. बाई बिचारी ओशाळली. दुकानदार मात्र हसला. त्याला हसायला काय जातंय! मूर्खांच्याच जिवावर त्याचं दुकान चाललं होतं.

साहेब म्हणजे काही फार मोठे साहेब नव्हेत. साबणाच्या कारखान्यात, कॉस्टिंग खात्यात, बत्तीस वर्षं एकाच टेबलाला चिकटून बसलेले. वडी सोलून तिची किंमत काढायची हे त्यांचं काम. तेल किती, सोडा किती, वास किती, वेष्टण किती, जाहिरात किती. साबण बनतो कसा, हे त्यांनी खात्याच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. पण निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात गॅलरीत एक निळा ड्रम येऊन बसला. त्यांच्या बायकोला वाटलं, पाणी साठवायला आणला असेल. कसलं पाणी आणि कसलं काय! कारखाना घरी आला होता.

बायकोला इमारतीत सगळे शिलाईवाल्या काकू म्हणत. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानाचं काम त्या घरी आणून करत. मशीनची टीप कुणीही मारेल, पण सॅटिनच्या पडद्याला हाताने तुरपाई घालायची आणि बाहेरून एक टाका दिसू द्यायचा नाही, हे काकूंचं काम. दुकानाची मालकीण तोंडाने फटकळ, पण काकूंच्या तुरपाईपुढे गप्प बसायची. काकूंना आयुष्यात दुसऱ्या कुणी फारसं गप्प बसून मान दिला नव्हता, त्यामुळे त्या कामावर त्यांचा जीव होता.

तर साहेबांचा कारखाना. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहातून तळणीचं काळं तेल फुकट आणायचं. फुकट, म्हणून वहीत शून्य. त्यात कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा आणि पाणी. ड्रम गॅलरीत, पण तेल तापवायचं स्वयंपाकघरात. गॅस स्वयंपाकाचा, म्हणून साबणाच्या वहीत तोही शून्य. ढवळायला चार तास. ढवळणार काकू, म्हणून मजुरी शून्य. मग खाली दोन रेघा ओढून साहेब लिहीत: घरचा साबण, लिटरमागे अकरा. दुकानचा, लिटरमागे एकशे दहा. आणि पेन टेबलावर असं ठेवत, जणू आता दुकानदाराने दुकानाला टाळं लावून गावाला निघून जावं.

"आणि माझे चार तास?" काकूंनी एकदा विचारलं.

"व्हाउचर आहे?"

"कसलं व्हाउचर?"

"मग खर्च नाही," साहेब म्हणाले. "वहीत नाही ते झालंच नाही. बत्तीस वर्षांत मी एक आकडा व्हाउचरशिवाय लिहिला नाही."

एक वस्तू मात्र होती, जिचं व्हाउचर असूनही ती वहीत चढली नाही. कोपरापर्यंत येणारे काळे, जाडजूड रबरी हातमोजे. चांगले दोन जोड. साहेबांनी ते स्वतः जाऊन, निवडून, दोनदा घालून बघून आणले होते आणि गॅलरीतल्या खिळ्याला टांगले होते. ड्रमचं झाकण उघडायचं झालं तरी साहेब आधी हातमोजे चढवत आणि मग गॅलरीत असे उभे राहत की खालून बघणाऱ्याला वाटावं, वर शस्त्रक्रिया चालली आहे. काकू लांब दांड्याने लांबून ढवळायच्या, म्हणून त्यांना हातमोजे नाहीत. धुणंभांडी करताना तरी दुसरा जोड घालू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा साहेबांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

"वापरणाऱ्याला कसले हातमोजे? हातमोजे बनवणाऱ्याला लागतात. दुकानातून साबण आणणाऱ्या बायका घालतात का हातमोजे?"

काकूंनी भांडी घासली.

तिसऱ्या महिन्यात बोटं फुटली. आधी टोकं पांढरी पडली, मग खरखरीत झाली, मग अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना उभ्या चिरा गेल्या. घरात कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण घरात होतंच कोण? साहेब, आणि साहेबांची वही. पण सॅटिनचं लक्ष गेलं. सॅटिनवरून हात फिरवला की फुटलेल्या कातडीत धागा अडके आणि सरकन ओढला जाई. मोतिया रंगाच्या एका पडद्यावर, ऐन मध्यावर, असे सात धागे निघाले. मालकीणबाईंनी पडदा उजेडात धरला, मग काकूंचा हात धरला, तोही उजेडातच.

"हे काय करून घेतलंत?" त्या म्हणाल्या. "हा पडदा मी सोसते. पुढचा नाही सोसणार. असे हात घेऊन माझ्या कापडाला हात लावायचा नाही, आधीच सांगते."

काकू घरी आल्या त्या रडकुंडीला येऊन. त्यांनी साहेबांना बोटं दाखवली. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, आणि म्हणाले, "वय झालं की कातडी कोरडी पडते. तेल लाव. तळणीचं नको लावू, ते मोजून आणलंय."

त्या क्षणी काकूंच्या मनातून हा माणूस उतरला. तसा तो बरीच वर्षं पायरी पायरीने उतरतच होता, आज तळाला पोचला. आणि गंमत म्हणजे, त्यांना एकदम हलकं वाटलं. ज्याच्याबद्दल काही वाटेनासं होतं त्याच्याशी भांडायचं कशाला! दुसऱ्या दिवशी त्या समोरच्या दुकानात गेल्या आणि दुकानचं साबणपाणी घेऊन आल्या. बिनवासाचं, बिनरंगाचं, तान्ह्या मुलांच्या कपड्यांसाठी असतं ते. पैसे तुरपाईचे. दुकानदाराने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि पावती फाडली. पावती काकूंनी बटणांच्या डब्यात टाकली. का टाकली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. व्हाउचरवाल्याच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर हाताला तेवढी सवय लागतेच.

ड्रम साहेबांचा असला तरी ड्रममधून बाटल्या भरण्याचं काम काकूंचं होतं. उत्पादन त्यांचं, वितरण हिचं. आता वितरण खात्याने एवढंच केलं, की ड्रममधला माल मोरीच्या जाळीत आणि दुकानचा माल घरच्या बाटलीत. ड्रम नियमाने रिकामा होत होता, बाटल्या नियमाने भरत होत्या, वही नियमाने फुगत होती. बाटलीतला माल ड्रममधल्यापेक्षा स्वच्छ का दिसतो, तर साहेब म्हणत, ठेवल्याने निवळतो. मोरी तर अशी वाहायला लागली की खालच्या मजल्यावर नळ दुरुस्त करायला आलेला माणूस मुद्दाम वर येऊन विचारून गेला, तुम्ही नळीत टाकता काय? काकू म्हणाल्या, घरचाच आहे.

महिन्या-दीड महिन्यात बोटं भरून आली. पडदे पुन्हा सुरू झाले. आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी ड्रममध्ये सोड्याचं प्रमाण आणखी वाढवून, तेल आणखी कमी करून, लिटरमागचे अकरा नऊवर आणले आणि या नव्या पाककृतीला नाव दिलं: फॉर्म्युला नंबर चौदा. आधीचे तेरा कुठे गेले, देव जाणे.

"तक्रार बंद झाली की नाही?" ते काकूंच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले. "याला म्हणतात संशोधन. खर्चही उतरला आणि दर्जाही चढला. अगं, कारखान्यात त्यांना हे जमलं नाही!"

"नाही जमलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सुईत दोरा ओवला. आतून त्यांना इतकं हसू येत होतं की दोन वेळा दोरा हुकला.

खरं सांगायचं तर काकूंना या सगळ्याची चटक लागली. जेवताना साहेब बाटली उचलून दाखवायचे, बघ कशी दाट उतरली आहे, आणि काकू मान डोलवायच्या. शेजाऱ्यांना बोलावून थेंब चिमटीत चोळून दाखवायचे, आणि काकू पाणी आणून द्यायच्या. जगाला मूर्ख म्हणणारा माणूस आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, रोज मूर्ख बनतोय, हे बघण्यासारखं सुख त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. ते सुख त्यांनी बावीस महिने भोगलं. पावत्यांचा डबा बंद होईना, तेव्हा बटणं दुसऱ्या डब्यात काढून ठेवली.

आणि मग साहेबांनी इमारतीची सभा बोलावली.

इमारतीत चार जिने. ते धुणारी बाई एक. तिला सगळे जिनेवाली म्हणत. सकाळी सहाला बादली घेऊन यायची ती दुपारी बाराला जायची, आणि या सहा तासांत तिचे हात पाण्याबाहेर असत ते फक्त फडकं पिळण्यापुरते. जिने धुण्याचं साबणपाणी इमारत दुकानातून आणायची. ही उधळपट्टी साहेबांना कशी बघवणार? त्यांनी सेक्रेटरीला वही दाखवली. सेक्रेटरी हा एक मवाळ गृहस्थ होता, ज्याला वर्षाअखेर काहीतरी वाचवल्याचं दाखवायचं होतं. वही बघून त्याचे डोळे लकाकले. ठरलं की रविवारी सकाळी तळमजल्यावर सगळ्यांसमोर तुलना व्हावी, आणि साहेबांचा माल सरस ठरला तर सोमवारपासून चारही जिने घरच्या साबणाने धुवावेत. महिन्याला चाळीस लिटर.

तुलना कशी करायची, हे साहेबांनी असं ठरवलं की त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. एक: तुलना सारख्याला सारख्याशी. रंग आणि वास म्हणजे फसवाफसवी, म्हणून दुकानचा माल घ्यायचा तोही बिनरंगाचा, बिनवासाचा. तो त्यांनी स्वतः, दात-ओठ खात, समोरच्या दुकानातून विकत आणला. दुकानदार म्हणे त्या दिवशी पावती फाडताना जरा खोकला. दोन: घरचा नमुना ड्रममधून मुद्दाम निवडून घ्यायचा नाही. रोजच्या वापरातली बाटली, स्वयंपाकघरातल्या फळीवरून, आहे तशी उचलायची.

"नमुना नेहमी चालू मालातून घ्यावा," ते बाटली उचलताना म्हणाले. "खास बनवलेला नमुना दाखवणारा माणूस चोर असतो."

काकू फळीपाशी उभ्या होत्या. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्यांना तमाशा बघायचा होता. दोन घमेल्यांत एकच साबण, आणि हा पंडित त्यांतला फरक सांगणार! त्या पुढे गेल्या आणि पहिल्याच खुर्चीवर बसल्या.

दोन घमेली मांडली. एकात दुकानचं, एकात "घरचं". दोन सारखी फडकी, दोन सारखे डाग. साहेबांनी दोन्हीकडचा फेस चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"हा बघा," ते दुकानच्या घमेल्याकडे नाक मुरडून म्हणाले, "हलका, पोकळ, लगेच बसणारा. निव्वळ हवा विकतात! आणि हा बघा. अंग आहे याला. आणि हाताला मऊ किती! यात वापरणाऱ्याच्या हाताचा विचार केलेला आहे."

लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर म्हणाले, हो, दिसतोय की फरक. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग साहेबांनी जिनेवालीला पुढे बोलावलं. ती भिंतीपाशी उभी होती, कारण खुर्च्या रहिवाशांसाठी होत्या. "घाल हात दोन्हीत आणि सांग सगळ्यांना."

जिनेवालीने एक हात एकात घातला, दुसरा दुसऱ्यात. थोडा वेळ बोटं चोळली. मग हात बदलले. मग हात बाहेर काढून पुसले.

"हे दोन्ही एकच आहे, साहेब," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. साहेबही हसले, पण वेगळं. "अगं, तुझे हात दगड झालेत. दगडाला काय कळणार? फरसबंदीला विचारल्यासारखं झालं हे. जा, उभी राहा तिकडे."

सगळे हसले. जिनेवालीही हसली, कारण अशा वेळी हसावंच लागतं. आणि आपले हात मागे नेऊन, पाठीशी धरून उभी राहिली.

काकूंचं हसू मात्र तिथेच विझलं. एवढ्या सगळ्या शहाण्या माणसांत खरं ओळखलं ते त्या एकटीने, आणि मान खाली घातली तीही तिनेच. सेक्रेटरी विचारत होता, मग सोमवारपासून सुरू करायचं ना? हात वर जात होते. आणि काकूंना एकदम दिसलं, की सोमवारी बादलीत फळीवरची बाटली जाणार नाही, ड्रम जाणार आहे. फॉर्म्युला नंबर चौदा, अकराचा नऊ केलेला, ज्याने मोरीची नळी साफ होते. त्यात रोज सहा तास हात घालणार ही बाई. आणि हा विश्वास लोकांच्या मनात बसवला कुणी? साहेबांनी? त्यांची काय ताकद! तो बसवला काकूंनी, बावीस महिने बाटल्या भरून, मजा बघत. स्वतःचे हात वाचवले आणि गप्प बसल्या. काकूंना आपली शरम वाटली. साहेबांची वाटायची तेवढीच, अगदी तेवढीच.

त्या उठल्या. वर गेल्या आणि पाच मिनिटांनी खाली आल्या. एका हातात बटणांचा डबा, दुसऱ्या हातात बादली. बादलीत ड्रममधला माल होता, तळाला किंचित पिवळसर. बादली त्यांनी अंगापासून लांब धरली होती.

"जिनेवाली बरोबर बोलली," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकच आहे. दोन्ही समोरच्या दुकानचं आहे."

"काहीतरी बरळू नकोस," साहेब म्हणाले. "व्हाउचर आहे?"

काकूंनी डबा उघडून त्यांच्यापुढे टेबलावर उलटा केला.

पावत्यांचा हा ढीग पडला. साहेबांनी एक पावती उचलली, मग दुसरी. आणि मग, बत्तीस वर्षांची खोड कुठे जाणार, ते खुर्चीवर बसले, पावत्या तारखेप्रमाणे लावू लागले. त्यांचे ओठ हलत होते. कान लाल झाले होते, पण बेरीज थांबत नव्हती. दहा-बारा पावत्या झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"प्रत्येक वेळी बाटली घेतलीस?" ते म्हणाले. "रिफिलचं पाकीट मिळतं. अठरा टक्के वाचले असते."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. सेक्रेटरी जमिनीकडे बघत राहिला. काकूंनी मात्र नवऱ्याकडे नीट बघितलं. त्यांना वाटलं होतं, तो चिडेल, निदान लाजेल. हा माणूस तेवढ्याही लायकीचा नव्हता.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "ही बादली ड्रममधली. तुमच्या फॉर्म्युल्याची. याच्या आधीच्या, याहून सौम्य मालात मी तीन महिने हात घातले, आणि माझं काम जायची वेळ आली होती. सोमवारी हिला यात हात घालायला लावणार आहात. आधी तुम्ही घाला. हे घ्या फडकं. एकच पायरी पुसून दाखवा."

"त्यात काय!" साहेब उसळले. "त्यात काय आहे एवढं? शुद्ध माल आहे. मी स्वतः बनवलेला. बघा सगळ्यांनी, बघा!"

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, एक घडी, दोन घड्या, थेट कोपरापर्यंत. फडकं घेतलं. बादलीवर वाकले. सगळी सभा पुढे झुकली, जिनेवालीसुद्धा. साहेबांचा उजवा हात बादलीच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग तोच हात, आपल्या आपण, बाजूला वर गेला आणि हवेत काहीतरी चाचपू लागला, जिथे गॅलरीत खिळा असतो तिथे.

"माझे हातमोजे कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"वहीत बघा," काकू म्हणाल्या. "लिहिले असतील तर सापडतील."